स्वच्छ पाय

मोहननगरातल्या आमच्या घराला
खिडकीएवढा कूलर आहे.
दर एप्रिलला मी वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतो,
मोटरला तेल देतो,
आणि रात्री दहाला बटण तीनवर.
त्याची घरघर बरी असते.
तिच्यात छिंदवाडा रोडवरचे ट्रक बुडतात
आणि भिंतीपलीकडच्या बांधकामावरच्या
एका पोराचा खोकला.

खोटं कशाला बोलू.
पहिल्या रात्री बटण दोनवर होतं.

चर्चचा मी बावीस वर्षं खजिनदार.
रुपया इकडचा तिकडे नाही.
गरीब-निधीच्या वहीत माझी सही इतकी सुबक
की ऑडिटर म्हणाला, थोरातसाहेब, फ्रेम करून लावा.
पापांगीकाराला मी गुडघ्यांवर असतो,
खाली उशी.
डोळे मिटून शोधतो, फारसं काही सापडत नाही:
कधी सुहासिनीवर खेकसलो,
कधी पेट्रोलपंपावर रांग मोडली.

त्या गुरुवारी पाळक ज्यांचे पाय धुणार
त्या बारांत माझं नाव होतं.
म्हणून दुपारी वज्री घेऊन बसलो.
टाचा घासल्या, नखं कापली,
बोटांच्या बेचक्यांत पावडर घातली.
लोक बघणार होते.

शिंगाडे पाळक सत्तरीचे, गुडघे वाजतात त्यांचे.
पितळी परात सरकवत
एकेकापुढे बसत होते.
माझ्याआधी सायमन इलेक्ट्रिशियन:
पाणी मातकट झालं, बदलावं लागलं.
मग मी.
पाणी पडलं आणि तसंच राहिलं.
तळाशी कोरलेलं कुणा जुन्या दात्याचं नाव
स्वच्छ वाचता येत होतं,
त्यावर हलणारा माझा चेहराही.
पाळकांनी एकदा वर पाहिलं.
बोलले काहीच नाहीत. पाय टिपले,
अंगठा जरासा दाबला
आणि पुढे सरकले.

झोप येईना.
पाणी गढूळ झालं नाही, हा काय गुन्हा आहे?
प्रभूशी वाद घातला, खजिनदारासारखा, आकड्यांनी.
तो गप्प. कूलर बोलत होता.
अडीचला उठलो
आणि बटण बंद केलं.

पाती थांबेपर्यंत थोडी सुस्कारली.
मग टाकीत टपटप.
मग ते.
खोकला नव्हताच आता,
शिट्टीसारखं काहीतरी, कापडातून गाळून आलेलं.

अनवाणीच गेलो.
चपला शोधत बसलो असतो तर गेलो नसतो,
मी ओळखतो मला.
गिट्टी, सळया, सिमेंटचा चिखल.
ताडपत्रीखाली मोबाइलचा उजेड
आणि ती, लेकराच्या तोंडावर पदर धरून.
मला पाहून आधी उभी राहिली.
"आवाज येते का साहेब तिकडं?
दाबूनच ठेवते मी. रोज दाबून ठेवते."

रोज.
माझं बटण आणि तिचा पदर
एकाच कामाला लागले होते.

मेयोत केसपेपर काढायला पहाट झाली.
खिडकीतल्या माणसानं विचारलं तेव्हा नावं कळली:
पोराचं दुकालू, तिचं सुकवारो.
शुक्रवारी झाली म्हणून सुकवारो, ती म्हणाली.
त्याच्यामागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मी पाहिलं
आणि मान खाली घातली.

पोरगा बरा होईल का, मंडळीत सगळे विचारतील,
म्हणजे चहा पिताना गोष्ट संपवता येईल.
मला माहीत नाही.
तो नळी लावून पडलाय, मी एक्स-रेच्या रांगेत.
सुहासिनीचा फोन येऊन गेला:
बाराची भक्ती आहे ना,
पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

बाकाखाली माझे पाय.
टाचेला गिट्टी रुतलेली, वाळलेलं रक्त,
त्यावर सिमेंटचा पापुद्रा,
इथल्या फरशीची कसली कसली ओल.
प्रभू, आता आण ती परात.
पण आधी तिचे धू.
पाणी मी घालतो.